मशीनची चाहूल

चिखलोलीच्या एमआयडीसीतल्या कारखान्यात मी पहिल्यांदा पाऊल ठेवलं ते १९९६ च्या जून महिन्यात. अंबरनाथच्या आयटीआयमधून फिटरचा कोर्स नुकताच संपला होता. कारखाना रंगांसाठी लागणारी रसायनं बनवायचा. रिॲक्टर, पंप, ब्लोअर, कॉम्प्रेसर, सेंट्रिफ्यूज, बॉयलर असा सगळा पसारा एकाच उंच पत्र्याखाली होता. प्लांटचं दार उघडलं आणि आवाजाचा असा लोंढा अंगावर आला की पहिली काही मिनिटं मला समोरच्या माणसाचे नुसते ओठ हलताना दिसत होते.

ज्या मिस्त्रींच्या हाताखाली मला दिलं, त्यांना सगळे मामा म्हणत. पहिल्या दिवशी मामांनी हातात पाना दिलाच नाही. प्लांटच्या मधोमध उभं केलं आणि म्हणाले, "डोळे मीट. काय काय ऐकू येतंय ते सांग."

मी म्हणालो, "मामा, नुसता गोंगाट आहे."

"गोंगाट नाही. बारा मशिनं चालू आहेत. महिन्याभरात बाराही वेगवेगळी ऐकू आली पाहिजेत."

या गोष्टीला आता जवळजवळ तीस वर्षं होत आली. ऐकण्याचं काम कानाचं, असं मी तोवर समजत होतो. कानावर पडलेल्या आवाजाचं पुढे काय होतं, तो हातापर्यंत कसा पोचतो आणि कधी कधी वाटेतच का अडतो, हे मला चिखलोलीने शिकवलं. त्यातला एक धडा दुसऱ्याच्या अंगावर उमटला, म्हणून हे लिहितो आहे.

मामांचं हत्यार म्हणजे एक हातभर लांब स्क्रू ड्रायव्हर. त्याचं टोक बेअरिंगच्या हाउसिंगवर टेकवायचं आणि मूठ कानाजवळच्या हाडाला दाबून धरायची. आजूबाजूचा कल्लोळ मागे सरतो आणि त्या एका बेअरिंगच्या पोटातलं ऐकू येतं. ग्रीस सुकलं असेल तर बारीक, कातर किंचाळी. रेसला, म्हणजे गोळ्या ज्यावरून फिरतात त्या कड्याला, खड्डा पडला असेल तर सलग खरखर. मोटर आणि पंप जोडणारं कपलिंग ढिलं असेल तर प्रत्येक फेऱ्याला एक टक. पंपाला पुरेसं पाणी येत नसेल तर आत मूठभर खडी टाकल्यासारखा आवाज येतो. खरं तर आत खडी नसते. दाब कमी पडल्यामुळे पाण्यात वाफेचे बुडबुडे धरतात आणि पुढे दाब वाढला की फुटतात. ते फुटणं इतकं जोराचं असतं की काही महिन्यांत ओतीव लोखंडाचा इंपेलर कुरतडल्यासारखा दिसायला लागतो.

पण मामांचं खरं शिकवणं स्क्रू ड्रायव्हरमध्ये नव्हतं, त्यांच्या एका शिस्तीत होतं. मशीन उघडण्याआधी मी तोंडाने सांगायचं: कुठलं बेअरिंग, आतली रेस की बाहेरची, की नुसतं ग्रीस. सांगितलं की वहीत लिहायचं. मगच मशीन उघडायचं, बेअरिंग काढायचं, रॉकेलमध्ये धुऊन उजेडात धरायचं आणि वहीतलं वाक्य खरं की खोटं ते बघायचं. चुकलो तर मामा रागवत नसत. म्हणत, "हरकत नाही. आता तो आवाज आठव आणि हा खड्डा बघ. दोघांची गाठ मार."

गाठ मारणं हा त्यांचा शब्द. पुढे अनेक वर्षांनी मेंदूबद्दल वाचायला लागलो, तेव्हा तो शब्द किती नेमका होता ते कळलं.

एक हिशोब सांगतो. आमच्या बऱ्याच छोट्या मोटारींना ६२०५ नंबरचं बेअरिंग असतं. त्यात बहुधा नऊ गोळ्या. मोटर मिनिटाला १४४० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला २४. अशा बेअरिंगच्या बाहेरच्या रेसवर एक खड्डा पडला, तर त्यावरून सेकंदाला साधारण ८६ वेळा गोळी जाते आणि ८६ वेळा आपटते. हा आकडा मला पंधरा वर्षांनी, व्हायब्रेशन मीटर शिकताना समजला. मामांना तो कधीच माहीत नव्हता. त्यांच्या कानाला मात्र तो पाठ होता.

माझी आई बाजारात मडकं घेताना ते उचलून बोटाच्या गाठीने वाजवायची. खणखणीत वाजलं तर पिशवीत, बद्द वाजलं तर परत. दिसायला दोन्ही मडकी सारखीच असायची. नारळ कानाशी हलवून बघणं, कलिंगडावर टिचकी मारणं, सगळं त्याच जातीचं. मराठीत आपण माणूससुद्धा वाजवून घेतो. आवाज ऐकून निर्णय घेण्याची विद्या घरातलीच होती. कारखान्यात फक्त मडक्याच्या जागी मोटर आली आणि चुकीची किंमत वाढली.

तीन वर्षांनी एका दुपारी एक गोष्ट घडली. कूलिंग टॉवरच्या पंपाकडे पाठ करून मी ऑपरेटरशी बोलत उभा होतो. वाक्य अर्ध्यावर होतं आणि माझा हात मागे जाऊन लाल बटणावर पडलेला होता. पंप थांबल्यावर मला कळलं की तो मीच थांबवला. गार्ड काढला तर कपलिंगच्या चार पिनांपैकी दोन तुटलेल्या, तिसरी अर्धी बाहेर. थोडा वेळ गेला असता तर ती गोळीसारखी सुटली असती.

ऑपरेटरने विचारलं, "कसं कळलं तुला?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मला कळलंच नव्हतं. हात गेला होता. मामांना सांगितलं तर ते एवढंच म्हणाले, "चाहूल लागली तुला मशीनची."

चाहूल या शब्दावर मी तेव्हापासून विचार करत आलो आहे. आवाज वेगळा, नाद वेगळा, हाक वेगळी. चाहूल म्हणजे येणाऱ्याची खूण. तिच्यात आवाज असतो, कोण येतंय याचा अंदाज असतो आणि आपलं उठून उभं राहणंही असतं. तीन गोष्टी एका शब्दात. मेंदू नेमकं हेच करतो.

आवाजाची वाट अशी आहे. हवेतली थरथर कानाच्या पडद्यावर येते. पडद्यामागची तीन चिमुकली हाडं ती पुढे ढकलतात. त्यातलं शेवटचं हाड तीनेक मिलिमीटरचं, आपल्या शरीरातलं सर्वांत लहान. पुढे शंखासारखी अडीच वेढ्यांची नळी आहे, उलगडली तर साधारण ३५ मिलिमीटर लांब. तिच्यात द्रव भरलेला असतो आणि आत लांबच लांब पडदा ताणलेला असतो. बारीक आवाजांनी त्या पडद्याचा सुरुवातीचा भाग जास्त हलतो, जाड्या आवाजांनी शेवटचा. आवाज आत शिरल्या शिरल्या त्याची अशी वाटणी होते. ही लाट गेऑर्ग फॉन बेकेशी या शास्त्रज्ञाने मृत माणसांच्या कानांवर प्रयोग करून दाखवली आणि त्याला १९६१ चं नोबेल मिळालं. त्या पडद्यावर केसाळ पेशींच्या रांगा असतात. मेंदूला खबर देण्याचं मुख्य काम करणाऱ्या आतल्या रांगेत एका कानात त्या जेमतेम साडेतीन हजार असतात. मामांची सगळी विद्या तेवढ्या पेशींच्या दारातून आत गेली होती.

तिथून श्रवणाच्या नसेतून विजेचे ठोके मेंदूच्या देठात जातात आणि तिथे एक हिशोब होतो: आवाज डाव्या कानाला आधी लागला की उजव्या. हा फरक जास्तीत जास्त एका सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी असतो, पण त्यावरून मेंदू दिशा सांगतो. वाफ कुठून गळतेय ते शोधताना आम्ही मान इकडे तिकडे वळवतो ना, ती मेंदूला नवं नवं गणित घालून देण्याची धडपड असते. देठापासून खबर वर चढत कानाच्या वरच्या बाजूला, मेंदूच्या श्रवणपटलात पोचते. कानापासून इथपर्यंत यायला सेकंदाचे काही शतांश पुरतात. आवाज ऐकून साधं बटण दाबायला माणसाला साधारण सेकंदाचा सातवा भाग लागतो. दिवा बघून दाबायला त्याहून थोडा जास्त. धोक्याची घंटा दिव्याच्या आधी का वाजवावी, याचं एक उत्तर इथे आहे.

मोठा धडाका झाला तर मेंदू वरपर्यंत विचारायलाही जात नाही. देठातूनच मानेला, खांद्यांना, पापण्यांना हुकूम सुटतो आणि आपण दचकतो. पण माझा हात त्या दुपारी दचकून गेला नव्हता. पिनांचा आवाज धडाका नव्हता, बारा मशिनांच्या कल्लोळातला एक बारीक टक होता. तो ओळखायला तीन वर्षांच्या गाठी लागल्या होत्या.

बदलापूर लोकलने कामावरून घरी जाणाऱ्याला यातली अर्धी गोष्ट सांगावी लागत नाही. अंबरनाथ मुंबईपासून साठाव्या किलोमीटरला, बदलापूर अडुसष्टाव्या. मधलं अंतर मोठं आहे आणि अजून तरी गाडी त्यात कुठे थांबत नाही. तिसऱ्या-चौथ्या मार्गाच्या कामाबरोबर चिखलोली स्टेशन होणार आहे, त्याची आम्ही सगळेच वाट बघतो आहोत. या टप्प्यात सेकंड शिफ्टची माणसं उभ्या उभ्या झोपतात. चाकांचा खडखडाट, शेजारच्यांच्या गप्पा, कशाने जाग येत नाही. पण गाडीने वेग कमी केला, रुळांचा ठेका बदलला की डोळे उघडतात. मेंदू सलग चालणाऱ्या आवाजाला हळूहळू दुर्लक्षात टाकतो आणि बदलावर लक्ष ठेवतो. फिनलंडच्या रिस्टो नॅटॅनन यांनी १९७८ मध्ये सहकाऱ्यांबरोबर दाखवून दिलं की सारख्या सुरांच्या रांगेत एखादा वेगळा सूर आला, तर लक्ष दुसरीकडे असतानाही मेंदूत त्याची नोंद उमटते. आमच्या नाइट शिफ्टला पंखा चालू असताना कुणी जागं होत नाही, पंखा बंद पडला की होतं. मशीन ऐकणाऱ्याचा अर्धा धंदा या एका गुणावर चालतो.

आता ज्या गोष्टीसाठी हे सगळं सांगत आलो, ती सांगतो.

२००४ चा मार्च. सेंट्रिफ्यूजचं काम तुम्हाला कपडे पिळणाऱ्या मशीनसारखं समजता येईल. जाळीच्या मोठ्या डब्यात ओला माल सोडायचा, डबा गरगर फिरवायचा, पाणी बाहेर, घट्ट माल आत. माल एका बाजूला जास्त बसला तर डबा हेलकावे खातो आणि वेग वाढला की ते हेलकावे भयंकर होतात. त्या दिवशी मला चालीत काहीतरी डुगडुगल्यासारखं वाटलं. मी मशीन थांबवलं. उघडलं तर माल सगळीकडून सारखा होता. बेअरिंग ठीक, बोल्ट ठीक. बॅच चार तास लांबली. वरिष्ठांनी सगळ्यांसमोर विचारलं की कारखाना तुझ्या कानावर चालवायचा का. लेखी मेमो मिळाला. त्या महिन्याचा ओव्हरटाइम गेला. मामा तोवर रिटायर होऊन गावी गेले होते.

त्याच वर्षीचा ऑगस्ट. थर्ड शिफ्ट, रात्रीचे अडीच. बाहेर पाऊस असा की पत्र्यावर सतत दगड पडल्यासारखा आवाज. चिखलोलीचं धरण भरून वाहत असल्याचं कामावर येताना कुणीतरी सांगितलं होतं. सेंट्रिफ्यूजजवळ एक विशीचा हेल्पर पोरगा उभा होता, वांगणीकडून येणारा. मला दादा म्हणायचा. माल भरून झाला होता, वेग चढत होता.

मला आवाज आला. हे मी आज शपथेवर सांगू शकतो. पावसाच्या त्या कोसळण्यातही चालीत एक डुगडुग होती, मार्चमध्ये वाटली होती तशीच, थोडी जाड. हात उचलला गेला. आणि थांबला.

त्या पाच-सहा सेकंदांत डोक्यात काय चाललं होतं ते मला अजून पाठ आहे. पाऊस असेल. मागच्या वेळीही काही नव्हतं. आणखी थोडं बघू. नक्की झालं की दाबू.

मग डबा नाचायला लागला. धब धब धब, पायाखालची जमीन हलली. माल सोडण्याची रबरी नळी सांध्यातून सुटली आणि तिच्यात उरलेलं आम्लाचं पाणी पोराच्या डाव्या हातावर आणि मानेवर उडालं. तेव्हा कुठे माझा हात बटणावर पडला. त्याला उचलून सेफ्टी शॉवरखाली नेला. पंधरा-वीस मिनिटं त्याच्यावर पाणी सोडत राहिलो. तो थरथरत होता आणि "दादा, डोळे ठीक आहेत ना माझे?" एवढंच विचारत होता. गॉगलमुळे डोळे वाचले. हाताची कातडी गेली. दीड महिन्याने तो कामावर आला तेव्हा मनगटापासून कोपरापर्यंत गुलाबी, चकाकणारा डाग होता.

चौकशीच्या अहवालात लिहिलं गेलं की माल असमान बसला. खरंच होतं ते. त्या पाच-सहा सेकंदांबद्दल कुणी विचारलं नाही, कारण ती कुणाला माहीतच नव्हती.

मी मात्र त्या सेकंदांना चिकटून राहिलो. माझा कान चुकला होता का? नाही, कानाने ऐकलं होतं. आवाज ओळखायला चुकलो का? तेही नाही, डुगडुग मला ओळखू आली होती. चुकला तो कान आणि हात यांच्यामधला दुवा. कपलिंगच्या पिनांच्या वेळी जो हात वाक्य संपायची वाट न बघता गेला होता, तो आता पुरावा मागत होता. ते मागणं त्याला मार्चमध्ये शिकवलं गेलं होतं.

खूप उशिरा, मोबाइलवर वाचणं सोपं झालं तेव्हा, मी यावर जे सापडेल ते वाचायला घेतलं. ग्रीन आणि स्वेट्स या दोन अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९६६ मध्ये एक पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं मी माझ्या भाषेत सांगतो. गोंगाटात बारीक आवाज पकडायचा असेल तर दोन गोष्टी निरनिराळ्या असतात. एक, तुमचा कान किती तीक्ष्ण आहे. दोन, "हो, आहे" म्हणायला तुम्हाला किती खात्री लागते. ही दुसरी गोष्ट म्हणजे एक उंबरठा. तो कुठे ठेवायचा हे चुकीच्या किमतीवर ठरतं. नसलेला आवाज आहे म्हटलं तर काय भोगावं लागेल आणि असलेला आवाज नाही म्हटलं तर काय भोगावं लागेल, या दोन किमतींच्या तोलावर उंबरठा वर-खाली होतो. कान तोच राहतो. ते वाचताना मी पुस्तक वाचतोय असं मला वाटलं नाही, ऑगस्टची ती रात्र कुणीतरी समोर मांडून ठेवली होती.

दुसरं वाचलं ते न्यूयॉर्कजवळच्या कोल्ड स्प्रिंग हार्बरच्या प्रयोगशाळेतल्या उंदरांबद्दल. पेत्र झ्नामेन्स्की आणि अँथनी झॅडोर यांचं हे काम २०१३ मध्ये प्रसिद्ध झालं. उंदराला सुरांचा एक पुंजका ऐकवायचा. त्यात बारीक सूर जास्त असले तर एका बाजूच्या छिद्रात तोंड घालायचं, जाडे जास्त असले तर दुसऱ्या. बरोबर निवडलं तर पाणी मिळतं. शास्त्रज्ञांनी श्रवणपटलातल्या एका खास जातीच्या पेशी शोधल्या. त्या आपली खबर मेंदूच्या खोल भागात, स्ट्रायटममध्ये पाठवतात. स्ट्रायटम हे कोणती हालचाल करायची ते निवडण्याचं आणि त्याच्या फळाचा हिशोब ठेवण्याचं एक मोठं ठिकाण. या पेशींना बाहेरून चेतवलं की उंदराचा निर्णय एका बाजूला झुकायचा. म्हणजे आवाजाकडून कृतीकडे जाणारी एक वाट हाताने दाखवता आली. २०१५ मध्ये त्याच गटाने पुढचं दाखवलं: उंदीर हे काम शिकतो तेव्हा श्रवणपटल आणि स्ट्रायटम यांच्यामधले सांधे बळकट होतात, आणि सगळे सरसकट नाहीत, शिकलेल्या निवडीला लागतील तेवढेच.

गाठ मारणं ते हेच. मामा बेअरिंग धुऊन उजेडात धरत होते, तेव्हा आवाज आणि खरं कारण यांच्यामधला सांधा पक्का होत होता. माझ्या डोक्यात नेमकं काय घडलं ते उंदरांवरून ठरवता येणार नाही, एवढं मलाही समजतं. पण एक गोष्ट मला पटली. मेंदू आवाजाबरोबर त्याचा अर्थ शिकतो, आणि त्या आवाजावर वागल्याचं फळ काय मिळालं तेही शिकतो. खड्डा दिसला तर तो एक गाठ मारतो. चारचौघांत अपमान झाला तर दुसरी. दोन्ही गाठी सारख्याच घट्ट बसतात.

२०११ मध्ये वार्षिक तपासणीत माझ्या कानांचा आलेख काढला. चार हजार हर्ट्झजवळ रेघ खाली गेलेली, इंग्रजी व्हीसारखी. गोंगाटात राबणाऱ्यांच्या आलेखात ही खूण सहसा दिसते. डॉक्टर म्हणाले की केसाळ पेशी एकदा गेल्या की माणसाच्या कानात पुन्हा उगवत नाहीत. कारखान्यांच्या नियमांत तेव्हा आठ तासांसाठी ९० डेसिबलची मर्यादा होती. ९५ असेल तर चार तास, १०० असेल तर दोन. गोंगाटाने आलेलं बहिरेपण १९४८ च्या कारखाने कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत व्यवसायजन्य रोग म्हणून नोंदलेलं होतं. हे सगळं मला पंधरा वर्षं नोकरी झाल्यावर कळलं. इअरप्लग घातला तर मशीन ऐकू येणार नाही, अशी आमची समजूत होती. प्रत्यक्षात चांगला प्लग सगळ्यांचाच आवाज खाली आणतो, त्यामुळे मशिनं ओळखू येतात आणि कान शाबूत राहतो. ही सवय मामांनाही कुणी लावली नव्हती. शेवटच्या वर्षांत ते पोरांचे ओठ बघून बोलायचे, हे मला आता आठवतं आणि चरकायला होतं.

चार हजार हर्ट्झ गेलं की काय जातं? बोलणं ऐकू येतं, पण कडा जातात. स, श, फ, थ, ठ यांची धार बोथट होते. प्लांटच्या फोनवर "सातचा वॉल्व्ह" म्हटलं तर मला "आठचा" ऐकू यायला लागलं. मेंदू रिकामी जागा स्वतःच्या अंदाजाने भरतो आणि भरल्याचं आपल्याला सांगत नाही. म्हणून आता आमच्याकडे नंबर कुणीही नुसता सांगत नाही. सांगणारा सांगतो, ऐकणारा परत म्हणतो, सांगणारा "बरोबर" म्हणतो, मगच हात वॉल्व्हला लागतो. समोरासमोर असलो तर बोटंही दाखवतो.

तपासणीनंतरच्या सोमवारी मी अंबरनाथच्या शिवमंदिरात गेलो. शिलालेखात शके ९८२, म्हणजे १०६० साल असलेलं ते मंदिर. गाभारा जमिनीच्या पातळीखाली आहे, पायऱ्या उतरून जावं लागतं. सकाळी गर्दी नव्हती. खाली उतरलो, बाहेरचा आवाज वर राहिला आणि मला माझ्या कानातली बारीक, न थांबणारी शिट्टी पहिल्यांदा स्पष्ट ऐकू आली. बाहेर कुठेच नसलेला आवाज. मी बराच वेळ भिंतीच्या दगडावर हात ठेवून उभा होतो. पाथरवटसुद्धा दगड घेताना हातोड्याने वाजवून बघतो. खणखणला तर निकोप, बद्द वाजला तर आत चीर. नऊशे-साडेनऊशे वर्षांपूर्वी हे दगड निवडणाऱ्यानेही तसंच वाजवून घेतलं असणार. माझ्या हाताखालचा दगड कुणाच्या तरी कानाने पास केलेला होता.

मी आता चिखलोलीतल्याच दुसऱ्या कारखान्यात मेंटेनन्स बघतो. तो हेल्पर दोन वर्षांनी माझ्यामागून इथे आला, आज तो सेंट्रिफ्यूजचा ऑपरेटर आहे. मशिनांवर आता व्हायब्रेशनचे सेन्सर आहेत आणि मला त्यांचा आधार वाटतो. पण सेन्सरलाही मर्यादेचा आकडा माणसालाच घालून द्यावा लागतो. तो आकडा म्हणजे उंबरठाच. वारंवार फुकट वाजतो म्हणून कुणी तो वर सरकवला, तर मार्च महिना पुन्हा आलाच म्हणायचा.

इथे मी दोन गोष्टी लावून घेतल्या. पहिली, मामांची वही. तीन रकाने: काय ऐकलं, काय वाटलं, काय सापडलं. दुसरी, मॅनेजरांशी बसून ठरवलेला नियम: आवाजावरून मशीन थांबवणाऱ्याला जाब विचारायचा नाही, मेमो द्यायचा नाही, बॅच कितीही लांबो. त्यांना पटवायला मला २००४ ची गोष्ट सांगावी लागली. त्या पाच-सहा सेकंदांबद्दल मी पहिल्यांदा बोललो तो त्यांच्या केबिनमध्ये. केबिनमधून बाहेर आलो आणि तेच त्या ऑपरेटरलाही सांगितलं. तो काही वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मला वाटलेलं, दादा. तुमचा हात वर दिसला होता."

गेल्या पावसाळ्यात आयटीआयमधून नवी ट्रेनी मुलगी आली. तिसऱ्या महिन्यात एका दुपारी तिने चालू सेंट्रिफ्यूज थांबवलं. सगळं शांत झालं आणि सगळे तिच्याकडे बघायला लागले. आम्ही झाकण उघडलं. माल सारखा बसलेला, बोल्ट कसलेले, बेअरिंग ठीक. चाळीस मिनिटं गेली. ती वही घेऊन उभी होती, तिसरा रकाना कोरा.

"सर, काही सापडलं नाही. काय लिहू?"

"तेच लिही. काही सापडलं नाही. आणि तुला ऐकू काय आलं होतं ते नीट लिही, विसरायच्या आत."

तिने लिहिलं. मी खाली सही केली. झाकण बसवलं, ऑपरेटरने डाव्या हाताने हिरवं बटण दाबलं. त्या हातावरचा डाग आता पांढरट पडला आहे. डबा फिरायला लागला, सूर चढत गेला, आम्ही तिघेही मान किंचित वाकडी करून ऐकत होतो. तो तिच्याकडे वळून म्हणाला, "ताई, परत वाटलं तर परत दाब."